सौरऊर्जेचं सरकारी धोरण आणि बुलढाणा: पैसा नेमका कोणाच्या हाती येतो?

रब्बीत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायचं तर मध्यरात्री शेतात जावं लागतं, ही बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षांची सवय आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा असते, उरलेले दिवस रात्री. ज्ञानगंगा अभयारण्य बुलढाणा, चिखली, मोताळा आणि खामगाव या चार तालुक्यांत पसरलेलं आहे. त्याच्या कडेच्या गावांत रात्रीच्या पाळीचा अर्थ अस्वल, बिबट्या आणि साप असाही होतो. २०१९ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ तर शेकडो किलोमीटर चालत याच अभयारण्यात येऊन पोचला होता.

म्हणून या जिल्ह्यात सौरऊर्जेचं धोरण हवामान बदलाच्या चर्चेतून पोचलं नाही, ते ‘दिवसा वीज’ या मागणीतून पोचलं. सरकारच्या बाजूने मात्र त्याची मांडणी मोठी आहे. स्वस्त वीज, ग्रामीण भागात गुंतवणूक, रोजगार, उद्योगांवरचा भार कमी आणि त्यातून आर्थिक वाढ, अशी ती साखळी आहे. त्यातल्या कोणत्या कड्या खरोखर बुलढाण्यात जोडल्या जातात आणि कोणत्या जिल्ह्याबाहेर, हे पाहण्यासाठी आधी योजना समजून घ्यावी लागते.

धोरणात आहे तरी काय?

महाराष्ट्रात सध्या शेतीसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिली वाट म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे पहिले प्रकल्प झाले. मे २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. यात शेतकऱ्याच्या विहिरीवर काही बसवत नाहीत. महावितरणच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला मिळते. पंप तोच, मोटर तीच, तारा त्याच. फक्त वीज दिवसा येते. ढग आले किंवा उत्पादन कमी पडलं, तर उरलेली वीज नेहमीच्या जाळ्यातून घेतली जाते. सुधारित योजनेतला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगाव (ता. वैजापूर) इथे सुरू झाला. तीन मेगावॅटच्या त्या प्रकल्पावर सुमारे पावणेदोन हजार शेतकऱ्यांचे पंप चालतात.

दुसरी वाट आहे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही २०२४ ची योजना. इथे प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर स्वतंत्र पॅनल आणि पंप बसतो, महावितरणच्या तारेशी संबंध राहत नाही. शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के; बाकी रक्कम केंद्र आणि राज्य सरकारची. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

आठ रुपये आणि तीन रुपये

राज्यातल्या एकूण वीजवापरात शेतीचा वाटा सुमारे ३० टक्के आहे आणि शेतीपंपांची संख्या ४७ लाखांच्या पुढे. महावितरणला एक युनिट ग्राहकापर्यंत पोचवायला सरासरी आठ रुपयांहून जास्त खर्च येतो. शेतीचा दर कायम त्याच्या कितीतरी खाली राहिला. मधली तूट दोन खिशांतून भरली जाते: सरकारी अनुदान, आणि उद्योग-व्यापारी ग्राहकांना लावलेला जादा दर. दुसऱ्या खिशाला क्रॉस सबसिडी म्हणतात. महाराष्ट्रातली औद्योगिक वीज महाग असल्याची तक्रार सुरू होते ती इथूनच.

सौर कृषी वाहिनीतली वीज महावितरण युनिटमागे साधारण तीन रुपयांना विकत घेतं आणि करार २५ वर्षांचा असतो. दर जवळपास स्थिर राहतो, कारण सूर्यप्रकाशाला कोळशासारखा भाव नाही. ‘आठची वीज तीनला’ असं भाषणांत ऐकू येतं, ते मात्र तितकंसं खरं नाही. आठ रुपयांत तारा, रोहित्रं, गळती, कर्मचारी असं सगळं येतं. तीन रुपये हा प्रकल्पाच्या फाटकावरचा भाव आहे. तरीही बचत खरी आहे. शिवाय वीज गावाजवळच तयार होऊन गावातच वापरली गेल्याने लांबच्या वहनातली गळती वाचते.

ही बचत कोणाची? एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ४४ लाखांहून अधिक शेतकरी येतात आणि तिचा वार्षिक बोजा सरकारने १४,७६० कोटी रुपये सांगितला होता. बिल आधीच शून्य असलेल्या शेतकऱ्याला वीज तीन रुपयांना पडली काय किंवा आठला, खिशात फरक पडत नाही. त्याला मिळतात ते दिवसाचे तास. रुपयांतली बचत आधी राज्याच्या तिजोरीत जाते आणि तिथून, धोरण नीट राबवलं तर, औद्योगिक दर कमी होण्याच्या रूपाने कारखान्यांकडे.

पॅनलखालच्या जमिनीचं अर्थशास्त्र

बुलढाण्यातल्या शेतकऱ्याला थेट पैसा दिसतो तो जमिनीच्या भाड्यात. सुधारित योजनेत खासगी जमिनीसाठी हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे, म्हणजे एकरी जवळपास ५० हजार. नोंदणी विभागाच्या मूल्याचे ६ टक्के त्याहून जास्त होत असतील, तर ते. दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ.

आता हा आकडा सोयाबीनच्या शेजारी ठेवून पाहा. कोरडवाहू सोयाबीन एकरी पाच क्विंटल आलं आणि २०२५-२६ च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावाने विकलं गेलं, तरी हाती २६,६४० रुपये येतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा करायची. बाजारात हमीभाव मिळेलच असंही नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीन हमीभावाच्या बरंच खाली विकलं गेलं. पन्नास हजार रुपये भाडं, तेही पाऊस पडो न पडो, ही कोरडवाहू शेतकऱ्यासाठी पेन्शनच म्हणायची.

पण भाडं मिळण्याची संधी सगळ्यांना सारखी नाही. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते, तीही सलग, उपकेंद्राच्या जवळ आणि वादमुक्त. दोन-तीन एकरांचे तुकडे, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, मधून गेलेला नाला अशी जमीन कोणी घेत नाही. बटाईने किंवा ठोक्याने कसणाऱ्याचा तर या व्यवहारात उल्लेखही नसतो. मालकाला भाडं सुरू होतं त्या दिवशी त्याची जमीन जाते. कापूस वेचणीला जाणाऱ्या बायकांची मजुरीही त्या एकरांपुरती बंद होते.

तीन टक्क्यांच्या वाढीकडेही नीट पाहायला हवं. पन्नास हजारांचे पंचविसाव्या वर्षी सुमारे एक लाख होतात. आकडा दुप्पट होतो खरा, पण महागाईचं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टच चार टक्के आहे. म्हणजे भाड्याची खरी किंमत दरवर्षी थोडी थोडी घटत जाणार. शेजारच्या कर्नाटकात पावगडा इथल्या २,०५० मेगावॅटच्या सौर पार्कसाठी सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली गेली. तिथे सुरुवातीचा दर एकरी २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा होता. त्या तुलनेत महाराष्ट्राचा दर खूपच चांगला आहे. पावगड्यात जमीनदारांचं उत्पन्न वाढलं, भूमिहीनांचं काम घटलं. बुलढाण्याने शिकण्यासारखा मुद्दा तोच आहे.

ई-क्लास जमिनीचा पेच

सरकारला खासगी जमिनीपेक्षा सोपी वाटते ती सरकारी जमीन. वऱ्हाडात गावाच्या चराईच्या जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात तिलाच गायरान म्हणतात. योजनेखाली सरकारी जमीन नाममात्र एक रुपया वार्षिक भाड्याने प्रकल्पाला देता येते. सलग जमीन मिळते, मोबदल्याचा प्रश्न नाही, काम लवकर होतं.

हिशेब मात्र इथेच बदलतो. खासगी जमिनीवर पाच मेगावॅटचा प्रकल्प झाला, तर वर्षाला दहा-बारा लाख रुपये भाडं गावातल्या कोणाच्या तरी घरात जातं. तोच प्रकल्प ई-क्लासवर झाला की भाडं उरतं एक रुपया. भाडं वाचल्यामुळे वीज किंचित स्वस्त पडते आणि तो फायदा साऱ्या राज्यात वाटला जातो. चराई मात्र त्या एका गावाची जाते. गुरं-शेळ्या पाळणारी, सरपण आणणारी कुटुंबं बहुधा भूमिहीन असतात. अनेक गावांत ई-क्लासवर अशाच कुटुंबांनी वर्षानुवर्षं वहिती केलेली असते आणि अतिक्रमण नियमित व्हावं म्हणून त्यांची धडपड चालू असते. कागदोपत्री ती जमीन ‘रिकामी’ दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी वाचवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले होते. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पाला अशी जमीन देता येते का, यावर कायद्याने पूर्ण बंदी नाही. पण गावाला मोबदला काय, हा प्रश्न धोरणाने अर्ध्यावर सोडला आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये आणि तेही तीनच वर्षं, अशी तरतूद आहे. एकूण पंधरा लाख. प्रकल्प पंचवीस वर्षं चालणार असतो.

रोजगार किती?

इथे फार वेळ घालवण्याजोगं काही नाही. सौर प्रकल्प उभा राहताना चार-सहा महिने खड्डे, पाया, कुंपण, केबल अशी कामं निघतात. नंतर चौकीदार, गवत काढणारे, काचा धुणारे आणि एखादा तंत्रज्ञ. एका मेगावॅटला साडेतीन-चार कोटी रुपये लागतात, पण त्यातला मोठा भाग पॅनल आणि इन्व्हर्टरवर जातो आणि ते बुलढाण्यात बनत नाहीत. विकासक कंपनीचा नफाही बाहेरचा. बांधावरच्या सौरपंपांचं थोडं वेगळं आहे. गावोगावी हजारो पंप बसले की त्यांची दुरुस्ती हा कायमचा धंदा होतो आणि त्यासाठी आयटीआयमधून शिकलेली मुलं लागतात. सध्या पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे आहे. पंप बंद पडला की माणूस लवकर येत नाही ही तक्रार सर्रास ऐकू येते.

खरा फायदा पाण्यात, आणि धोकाही

जिल्ह्याच्या उत्पन्नावर सगळ्यात मोठा परिणाम होऊ शकतो तो दिवसाच्या आठ तास विजेचा. सोयाबीननंतर हरभऱ्याला दोन पाणी वेळेवर मिळालं की उत्पादनात ठळक फरक पडतो. कापूस-तुरीला एखादं संरक्षित पाणीही पुरतं. रात्री दिलेलं पाणी सरीतून कुठे फुटलं ते कळत नाही, दिवसा कळतं. रात्रीच्या जागरणाची मजुरी वाचते, बाईमाणसाला एकटीने पाणी देता येतं. अमरावती विभागात सिंचनाचा अनुशेष जुना आहे आणि बुलढाणा त्यातलाच जिल्हा. इथे सिंचन म्हणजे मुख्यतः विहीर.

मात्र वीज म्हणजे पाणी नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा बराच भाग खारपाण पट्ट्यात येतो. तिथलं भूजल खारं. चोवीस तास फुकट वीज दिली तरी त्या पाण्याने पीक पिकत नाही. त्या भागाला जिगावसारख्या धरणाचं गोडं पाणी किंवा शेततळी लागतात, आणि मग ते उपसायला सौरवीज उपयोगी. उलट घाटावर, चिखली-देऊळगाव राजा-मेहकरकडे, विहिरीचं पाणी गोडं आहे पण बेसाल्ट खडकात साठा थोडा. फुकट ऊन, फुकट वीज आणि दिवसभर उपसा यामुळे मार्चमधली विहीर जानेवारीतच तळ गाठू शकते.

यावर गुजरातेत एक उपाय करून पाहिला गेला. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ पासून सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी संस्था करून उरलेली वीज जाळ्याला विकायला सुरुवात केली. वीज विकून पैसे मिळत असतील, तर विनाकारण पंप चालू ठेवण्यात तोटा दिसतो. महाराष्ट्राच्या ‘मागेल त्याला’ योजनेतला पंप तारेशी जोडलेलाच नाही. पाणी द्यायची गरज नसते त्या दिवशी त्याची वीज वाया जाते. पावसाळ्याचे महिने धरले तर असे दिवस वर्षात निम्म्याच्या आसपास निघतील.

कारखान्यांपर्यंत पोचतं का?

खामगावची गोष्ट इथे आठवावी अशी आहे. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. सरकारी धोरणाने आलेल्या त्या रुळांमुळे खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाली. पण रुळांवरून कापूस गेला तो मुंबईकडे आणि पुढे इंग्लंडला. सूत आणि कापड बाहेरच झालं. जिनिंग-प्रेसिंगपुरता उद्योग मागे राहिला.

आज जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली इथल्या औद्योगिक वसाहतींत आणि बाजार समित्यांच्या आसपास जिनिंग, डाळमिल, तेल, बियाणं प्रक्रिया असे धंदे आहेत. यातले बरेच हंगामी आणि दिवसा चालू शकणारे. राज्य सरकार २०१६ पासून विदर्भ, मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत देत आलं आहे. २०२५ च्या वीजदर आदेशात वीज नियामक आयोगाने आणखी एक पाऊल टाकलं: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांत औद्योगिक विजेला सूट, संध्याकाळी जादा दर. त्या आदेशाला स्थगिती, फेरविचार, हरकती असं बरंच काही झालं, पण दिशा बदलणारी नाही. दिवसा वीज मुबलक होते आहे. डाळमिल किंवा जिनिंगला ही सूट थेट उपयोगाची. शीतगृहाला दिवसा जास्त थंड करून रात्री कॉम्प्रेसर कमी चालवता येतो. रात्रपाळीवर चालणाऱ्या कारखान्याला मात्र हाच आदेश महागात पडतो.

समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो. त्याच्या आंतरबदलांपाशी पडून असलेल्या जागेत सौर प्रकल्प करण्यासाठी रस्ते विकास महामंडळाने सुरुवातीला वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड आणि बुलढाण्यातलं मेहकर निवडलं. कोणाची शेती नाही, कोणाची चराई नाही, अशी ही जागा. जमिनीचा वाद टाळायचा तर यापेक्षा चांगली निवड शोधावी लागेल.

पवनचक्क्यांनी शिकवलेलं

महाराष्ट्राला असा अनुभव नवा नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः करसवलतींमुळे. यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येई, वर विक्रीकरात सूट. सवलत यंत्र बसवण्यावर होती, वीज बनवण्यावर नव्हती. साहजिकच काही गुंतवणूकदारांना चक्की फिरते की नाही याची फारशी फिकीर नव्हती. २००३ मध्ये राज्याच्या आयोगाने प्रतियुनिट साडेतीन रुपये आणि दरवर्षी १५ पैसे वाढ असा खरेदीदर ठरवला. २००९ मध्ये केंद्राने प्रतियुनिट ५० पैसे उत्पादनाधारित प्रोत्साहन सुरू केलं. तेव्हा पैसा फिरणाऱ्या पात्यांशी जोडला गेला.

सौर कृषी वाहिनीत हा धडा घेतलेला दिसतो. वेळेत सुरू झालेल्या प्रकल्पाला ११ किंवा २२ केव्हीवर जोडणी असेल तर युनिटमागे २५ पैसे, ३३ केव्हीवर १५ पैसे असं तीन वर्षं प्रोत्साहन आहे. उपकेंद्राच्या दुरुस्तीसाठी २५ लाखांपर्यंत वेगळा निधी आहे आणि तो महत्त्वाचा, कारण उपकेंद्र बंद पडलं की पॅनल भर उन्हातही वीज देऊ शकत नाहीत.

गावाची स्वतःची मालकी शक्य आहे का?

कागदावर आहे. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतल्या ‘अ’ घटकाखाली शेतकरी, शेतकरी गट, उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा पंचायत ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प स्वतः उभारून वीज विकू शकते. एक मेगावॅट वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो. तीन रुपयांनी ४८ लाख रुपये. त्यातून कर्जाचे हप्ते, विमा आणि देखभाल गेल्यावर जे उरेल ते जमिनीच्या भाड्याशिवायचं उत्पन्न, आणि कर्ज फिटल्यावर तर जवळपास सगळंच. पतसंस्थांचं मोठं जाळं असलेल्या जिल्ह्यात चार कोटींचा प्रकल्प अशक्य कोटीतला नाही.

अडचण दुसरीकडे आहे. सौर कृषी वाहिनीच्या निविदा अनेक उपकेंद्रांचे गट करून निघाल्या. मार्च २०२४ मध्ये एकदम ९,००० मेगावॅटची देकारपत्रं दिली गेली. एवढ्या मोठ्या बोलीत गावचा गट उतरूच शकत नाही. आणि प्रत्येक उपकेंद्राची वीज घेण्याची क्षमता ठरलेली असते. ती मोठ्या निविदेत आधीच भरली, तर मागून अर्ज करणाऱ्या शेतकरी कंपनीला जोडणी मिळत नाही. त्यामुळे जमीन देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर महावितरणच्या कार्यालयातून आधी एक माहिती मागून घ्यावी लागते: गावच्या उपकेंद्रावर किती मेगावॅटची जागा आहे, आणि त्यातली किती अजून कोणाच्या नावे झालेली नाही.